घरच्या ब्लूबेरी बिस्किटांना पापुद्रे का सुटत नाहीत?

साउथ कॅरोलायनात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: मुलाला ड्राइव्ह-थ्रूवर मिळणारं ब्लूबेरी बिस्किट फार आवडतं. (अमेरिकेच्या दक्षिणेतलं बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं कडक बिस्किट नव्हे, तो यीस्टशिवाय फुगवलेला मऊ, छोटा पाव.) गरम, पदर सुटणारं, वरून पिठीसाखरेचा ओघळ आलेलं. घरी तीनदा करून पाहिलं. पहिली खेप दगड झाली. दुसऱ्या खेपेला लोणी ट्रेभर वाहिलं आणि बिस्किटं बसली. तिसऱ्या खेपेला आतून ओली राहिली, ब्लूबेरीभोवती हिरवट डाग पडले आणि जिभेवर धातूसारखी चव आली. कृती तीच, मापं तीच, मग चुकतंय कुठे?

ताई, तुम्ही दिलेली मापं पाहिली. एक गोष्ट सोडली (ती पुढे येईलच) तर त्यात वावगं काही नाही. चुकतंय ते हातात. तुमचा हात वाईट आहे असं म्हणत नाही. उलट तो फार चांगला तयार झालाय, पण पोळ्या आणि शंकरपाळ्यांसाठी.

मी नॉर्थ कॅरोलायनात एका छोट्या न्याहारीच्या हॉटेलात अकरा वर्षं पहाटेची पाळी केली. पहिल्या दिवशी मी मन लावून, आपल्याकडच्यासारखा छान गुळगुळीत गोळा मळला. तिथल्या मुख्य बाईंनी त्यावर एक बोट दाबलं, खळगा भरून वर आला, आणि त्यांनी काही न बोलता तो गोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. आपल्याकडे ज्या गोळ्याला सासूबाई मान डोलावतात तो इथे फुकट गेलेला माल. हे पचायला मला पंधरा दिवस लागले.

तर आधी एवढं समजून घ्या, की खुसखुशीत आणि पापुद्रेदार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंकरपाळीत आपण कडकडीत मोहन घालतो आणि पीठ त्यात चोळून घेतो, मूठ वळेपर्यंत. तूप पिठाच्या कणाकणाला लागतं, त्यामुळे पाणी पडलं तरी ग्लुटेनचे (पिठातल्या चिवट प्रथिनाचे) धागे जुळायला फारशी जागा राहत नाही आणि शंकरपाळी तोंडात विरघळते. पण तिला पदर सुटत नाहीत. पदर हवे असतील तर स्निग्ध वेगळं आणि पीठ वेगळं राहिलं पाहिजे, थराथराने. हे आपण चिरोट्यात करतोच. पोळीवर साटा फासायचा, तिच्यावर दुसरी पोळी, पुन्हा साटा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बिस्किटात साटा वेगळा लावत नाहीत. थंडगार लोण्याचे तुकडे पिठात तसेच ठेवायचे, घड्या घालताना ते चपटे होतात आणि तेच साट्याचं काम करतात.

ओव्हनमध्ये काय होतं? लोण्यात साधारण १६ ते १८ टक्के पाणी असतं. कडक आच लागली की ते लोणी वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि लोण्याच्या जागी जी फट पडलेली असते ती वाफ फुगवते. वरचं पीठ उचललं जातं, तेवढ्यात ते शिजून पक्कं होतं. झाला पदर. म्हणजे लोणी ओव्हनमध्ये जाईपर्यंत घट्टच राहायला हवं. ओट्यावर, तुमच्या बोटांच्या उबेनं ते आधीच वितळलं तर ते पिठात मुरतं, आणि मग तुमचा पदार्थ एकतर नानकटाईकडे झुकतो नाहीतर तेलकट होऊन पसरतो. तुमची दुसरी खेप हीच. साउथ कॅरोलायनातला जुलै, शेजारी कुकर चालू, आणि लोणी "जरा मऊ व्हावं म्हणून" बाहेर काढून ठेवलेलं, असं तुम्हीच लिहिलंय. ते मऊ व्हायला नकोच होतं.

याच कारणासाठी साजूक तूप इथे उपयोगाचं नाही. तुपात पाणीच नसतं, मग वाफ कुठून येणार? तुपाची बिस्किटं चविष्ट होतात, पण ती वेगळी वस्तू.

आता पीठ. तुमच्या पहिल्या दगडाला निम्मं कारण मळणं, तर निम्मं कारण पिठाची पिशवी. तुम्ही ब्रेडचं पीठ वापरलंत. ते जोरकस गव्हाचं असतं, यीस्टचा पाव फुगवून धरायला केलेलं. दक्षिणेत बिस्किट रुजलं ते तिथल्या मऊ गव्हामुळे. तिकडे हिवाळी पिकाचा मऊ गहू होतो, त्यात प्रथिनं कमी, पाव नीट उभा राहत नाही. पण सोडा किंवा बेकिंग पावडरनं फुगणाऱ्या पदार्थांना तोच गहू उत्तम. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये १८८३ साली सुरू झालेली व्हाइट लिली ही पिठाची गिरणी याच गव्हावर मोठी झाली. नॉक्सव्हिलची ती जुनी गिरणी २००८ मध्ये बंद झाली, तेव्हा दक्षिणेतल्या कितीतरी आज्या हळहळल्या. पीठ दुसरीकडे दळून त्याच नावानं अजून मिळतं. त्यात प्रथिनं ८ ते ९ टक्क्यांच्या आसपास असतात. उलट किंग आर्थर या दुसऱ्या कंपनीच्या साध्या ऑल-पर्पज पिठात ती ११.७ टक्के आहेत, ब्रेडच्या पिठात त्याहूनही जास्त. एवढ्या फरकानं पीठ पाणी वेगळं पितं आणि हाताखाली वेगळं वागतं. तुमच्या गावात कुठल्याही किराणा दुकानात व्हाइट लिली मिळेल, तेच घ्या.

पण घेताना पिशवी वाचा. त्या दुकानात तिच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी असतात, साधं पीठ आणि सेल्फ-रायझिंग. सेल्फ-रायझिंगमध्ये बेकिंग पावडर आणि मीठ गिरणीतच मिसळलेलं असतं. तुमच्या तिसऱ्या खेपेची धातूसारखी चव इथून आली. तुम्ही सेल्फ-रायझिंग पीठ आणलंत आणि कृतीत लिहिली होती तेवढी बेकिंग पावडर त्यात पुन्हा घातलीत. सेल्फ-रायझिंग वापरलंत तर पावडर, सोडा, मीठ काहीच घालायचं नाही. साधं वापरलंत तर घालायचं, आणि बेकिंग पावडर अॅल्युमिनियम नसलेली आणा. रमफर्डची तशी असते. अॅल्युमिनियमचा क्षार असलेल्या पावडरीची चव काही जिभांना फार लवकर कळते, तुमची त्यातलीच दिसते.

थोडं विषयांतर. ही पावडर येण्याआधी दक्षिणेत जे बिस्किट होतं ते मऊ नव्हतंच. त्याला बीटन बिस्किट म्हणायचे. पीठ लाकडी मोगरीनं किंवा कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं अर्धा तास आणि त्याहूनही जास्त वेळ बडवायचं, मग ते थोडं फुगायचं. बडवणारे हात बहुधा गुलामगिरीत राबणाऱ्या काळ्या बायकांचे असत, आणि ते खायला मिळायचं मालकाच्या टेबलावर. १९ व्या शतकात सोडा आणि मग बेकिंग पावडर आली, पुढे गिरणीचं पीठ स्वस्त झालं, तेव्हा बिस्किट रोजच्या घरात शिरलं. त्याआधी गरिबाघरी मक्याचा ब्रेड असायचा. बिस्किट कापायच्या साच्याचं १८७५ सालचं एक पेटंट अलेक्झांडर अॅशबोर्न या कृष्णवर्णीय माणसाच्या नावावर आहे. आज आपण दहा रुपयांची गोल कटर उचलतो तेव्हा हे कोणाच्या लक्षात येत नाही.

बरं, सामान सांगते. साधं मऊ पीठ ३०० ग्रॅम. कपानं मोजायचं तर अडीच कप, पण पीठ चमच्यानं हलकं भरायचं, दाबायचं नाही. बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा, साखर २ मोठे चमचे. बिनमिठाचं लोणी ११५ ग्रॅम, म्हणजे इथली एक स्टिक. थंड बटरमिल्क (विरजण लावलेलं दाट दूध, आपलं पातळ ताक नव्हे) २०० मिलि, आणि थोडं हाताशी. ब्लूबेरी दीडशे ग्रॅम, मूठभरानंही जास्त नको. यात सहा-साडेसहा सेंटीमीटरची आठ बिस्किटं होतात.

लोणी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि किसणीच्या मोठ्या भोकांनी किसा. कीस परत फ्रीझरमध्ये. परातीतलं पीठ, पावडर, सोडा, मीठ, साखर चाळून एकत्र करा. सोडा चाळणं टाळू नका, ते का ते ब्लूबेरीपाशी सांगते. मग लोण्याचा कीस पिठावर टाकून काट्यानं हलवा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला पीठ लागेल. त्यातले थोडे तुकडे अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबा, जाड पोह्यांएवढे चपटे होऊ द्या. एवढंच. रव्यासारखं एकसारखं दिसायला लागलं तर पुढे गेलात. तळहात लावायचाच नाही. तळहात गरम असतो, बोटांची टोकं त्यामानानं गार.

किसणीबद्दल एक शंका नेहमी येते. जुन्या बायका किसत नाहीत, त्या लोण्याच्या नाहीतर लार्डच्या गोळ्या पिठात बोटांनी मोडतात. त्यांच्या हाताला पन्नास वर्षांची सवय असते. आपण किसावं. (लार्ड म्हणजे डुकराची चरबी. शाकाहारी मंडळींनी बाहेर बिस्किट खाताना विचारून घ्यावं, काही जुन्या पद्धतीच्या ठिकाणी अजून तीच वापरतात. १९११ मध्ये क्रिस्को ही डालड्यासारखी चरबी बाजारात आली तेव्हापासून वनस्पती चरबीही चालते. तिचं बिस्किट उंच होतं, पण तोंडात लोण्याची चव नसते. मला ते पटत नाही.)

आता परातीत मध्ये खळगा करून थंड बटरमिल्क एकदम ओता. थेंब थेंब ओतत मळायची आपली सवय इथे सोडायची, कारण तुम्ही जेवढ्या वेळा पाणी घालाल तेवढ्या वेळा ढवळाल. काट्यानं बारा-पंधरा वेळा हलवा आणि थांबा. खाली कोरडं पीठ राहिलेलं असेल, वर ओले गोळे असतील, एकूण दृश्य "हे काय केलं मी" असं वाटायला लावणारं असेल. बरोबर आहे. अगदीच भुगा राहिला तर आणखी एक चमचा बटरमिल्क शिंपडा. पोळीच्या कणकेपेक्षा हे जास्त ओलं, थोडं चिकट असतं. पीठ लावलेल्या ओट्यावर ते उलटवायचं.

पुढचं काम मळण्याचं नाही, थापण्याचं आणि घडी घालण्याचं आहे. पिठानं माखलेल्या हातांनी साधारण २५ बाय १५ सेंटीमीटरची चौकोनी थापी करा. पत्राची करतो तशी तिपदरी घडी घाला. पहिल्या घडीला ते तुटेल, सुरीच्या पात्यानं किंवा उलथन्यानं उचलून घडी घाला, कडा आत लोटा. पाव वळण द्या, पुन्हा थापा. आता निम्म्या ब्लूबेरी वर पसरा, हलकेच दाबा, पुन्हा तिपदरी घडी. पुन्हा वळवून थापा, उरलेल्या ब्लूबेरी, तिसरी घडी. तीन वेळा तीन पदर म्हणजे सत्तावीस पदर झाले. चौथी घडी घालायचा मोह होतो. फळ असताना घालू नका, फळं फुटतात.

लाटणं अजिबात नको. साध्या बिस्किटाला एखादे वेळी चालतं, फळाच्या बिस्किटाला लाटणं म्हणजे जांभळा लगदा.

तुमचा खरा प्रश्न फळाचाच आहे, तर त्याकडे जरा निवांत येऊ. फळ म्हणजे पाणी. ब्लूबेरीत पाचातले चार भाग पाणी असतं. साध्या बिस्किटात बटरमिल्क मोजून घातलं की हिशेब संपतो. फळ घातलं की ओव्हनमध्ये बसल्या बसल्या आणखी पाणी सुटतं, तेही एकेका जागी. म्हणून फळाच्या बिस्किटाला बटरमिल्क साध्यापेक्षा थोडं कमी घ्यायचं, फळ कमी घ्यायचं, आणि फळाचं पाणी शक्य तेवढं आधीच बांधून ठेवायचं.

ब्लूबेरी लहान घ्या. ताज्या मिळाल्या तर धुऊन पंचावर पूर्ण कोरड्या करा आणि तासभर फ्रीझरमध्ये टाका. गोठलेल्या आणल्यात तर वितळू देऊ नका. तुम्ही त्या "आधी रूम टेम्परेचरला" आणल्यात, तिथेच पीठ जांभळं झालं. गोठलेलं फळ दोन कामं करतं. घड्या घालताना फुटत नाही आणि आजूबाजूचं लोणी गार ठेवतं. पसरायच्या आधी एक चमचा कोरड्या पिठात घोळवा, सुटणारं पहिलं पाणी ते पीठ धरून ठेवतं. आणि फळ परातीत कधीच घालायचं नाही, ढवळताना हमखास फुटतं. घडीत घातलं की ते थरांच्या मध्ये बसतं, कापल्यावर दिसतंही सुंदर.

हिरव्या डागांचं कारण स्वयंपाकाच्या चुकीपेक्षा शाळेतल्या लिटमसच्या कागदासारखं आहे. ब्लूबेरीचा रंग ज्या द्रव्यानं येतो ते आंबटात लालसर दिसतं आणि अल्कलीत निळं-हिरवं. तुमच्या पिठात पावडर दुप्पट होती, शिवाय सोडा चाळला नव्हता, त्याच्या गुठळ्या ज्या फळाशेजारी बसल्या ते हिरवं झालं. खाण्यात अपाय काही नाही, पण दिसतं बुरशीसारखं. सोडा पाव चमचाच ठेवा. २०० मिलि बटरमिल्कमधला आंबटपणा तेवढा सोडा सहज खाऊन टाकतो आणि थोडा आंबटपणा चवीला उरतो. वर अर्ध्या लिंबाची साल किसून पिठात घाला. वासाला छान, आणि लिंबू-ब्लूबेरीची जोडी आहेच.

तुम्ही राहता तिथे ब्लूबेरीहून मोठं सुख पीचचं आहे. पीच स्टेट म्हणून जॉर्जिया मिरवतं, पण पिकवण्यात साउथ कॅरोलायना पुढे आहे. गॅफनीजवळ आय-८५ महामार्गावरून जाताना पीचच्या आकाराची ती पाण्याची टाकी तुम्ही पाहिलीच असेल, १९८१ पासून उभी आहे. हंगामाच्या सुरुवातीला, मे-जूनच्या सुमाराला येणाऱ्या पीचची कोय गराला चिकटलेली असते. ते कापताना गर फाटतो, ते खायला ठेवा. बिस्किटाला जुलैतले, कोय सहज सुटणारे घ्या, आणि जरा कडकच. पूर्ण पिकलेलं पीच बिस्किटात घालू नये. सोलून एक सेंटीमीटरचे तुकडे करा, एक मोठा चमचा साखर चोळून चाळणीत अर्धा तास ठेवा. खाली जो रस जमेल तो फेकू नका, छोट्या पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवा आणि त्यातच पिठीसाखर मिसळून वरचा ओघळ करा. तुकडे पंचावर टिपून, पसरट ताटलीत गोठवून, मग ब्लूबेरीसारखेच घड्यांत. स्ट्रॉबेरीलाही हीच पद्धत, पण स्ट्रॉबेरी शिजली की फिकी आणि मिळमिळीत लागते. माझं मत विचाराल तर स्ट्रॉबेरी बिस्किटात घालूच नये. साधं बिस्किट भाजा, आडवं फोडा, साखरेत मुरवलेली स्ट्रॉबेरी आणि घट्ट फेटलेली साय मध्ये भरा. इथे त्याला शॉर्टकेक म्हणतात, आणि स्ट्रॉबेरीचा मान तिथेच राखला जातो.

सुकं फळ सर्वांत सोपं. मनुका, जर्दाळू, सुकी क्रॅनबेरी गरम पाण्यात किंवा चहात दहा मिनिटं भिजवून, पिळून, कोरडी करून घाला. न भिजवता घातलीत तर ती उलट पिठातलं पाणी ओढतात आणि वरच्या बाजूची जळून कडू होतात. फक्त गार करून घाला, नाहीतर लोण्याचं काय होईल ते आता तुम्हाला सांगायला नको.

घड्या झाल्या की गोळा ताटलीवर ठेवून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. तेवढ्यात ओव्हन ४२५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण २२० सेल्सिअसला तापू द्या. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं समजू नका, आणखी दहा मिनिटं द्या. मंद ओव्हनमध्ये लोणी आधी वितळून वाहतं आणि वाफ नंतर धरते, हे बिस्किट बसण्याचं दुसरं कारण. माझ्याकडे बिडाचं पसरट भांडं आहे, टेनेसीतल्या लॉज नावाच्या कंपनीचं. ही कंपनी १८९६ पासून बीड ओततेय. आपल्याकडचा बिडाचा तवा कडा असलेला असेल तर तोही चालेल. साधा ट्रेही चालतो, फक्त गडद रंगाच्या पातळ ट्रेवर तळ लवकर करपतो.

अडीच सेंटीमीटर जाडीची थापी करून कापायचं. कटर पिठात बुडवून सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. वाटीनं किंवा पेल्यानं कापू नका, त्यांची कड बोथट असते, ती पदर दाबून एकमेकांना चिकटवते. पिळून कापल्यानंही तेच होतं आणि बिस्किट एका बाजूला झुकतं. मी घरी करते तेव्हा धारदार सुरीनं चौकोनच कापते. उरलेले तुकडे पुन्हा गोळा करून थापायला नकोत, कारण दुसऱ्या थापणीचं बिस्किट पहिल्यासारखं कधीच होत नाही. चारी बाजूंच्या कडा मात्र पाव बोट छाटा, म्हणजे पदर मोकळे होतात. कडेला उघडी पडलेली फळं बोटानं आत ढकला, बाहेर राहिली तर ट्रेवर जळतात.

भांड्यात बिस्किटं एकमेकांना खेटून ठेवा. मोकळी ठेवली की पसरतात, खेटून ठेवली की एकमेकांच्या आधारानं वर चढतात. वरून बटरमिल्कचा हात फिरवा. मधल्या कप्प्यापेक्षा एक घर वर ठेवून १८ ते २२ मिनिटं. गोठलेलं फळ आत असतं म्हणून साध्या बिस्किटापेक्षा तीन-चार मिनिटं जास्त लागतात; वरचा सोनेरी रंग बघून घाईनं काढलीत तर आतून ओली, हे तुमच्या तिसऱ्या खेपेत झालं. मधलं बिस्किट थोडं उचलून फटीत बघा. पदर कोरडे, सुटे दिसले पाहिजेत, चकचकीत नाही. तापमापक असेल तर आत ९५ सेल्सिअस. रंग आधीच चढला असेल तर वर फॉइल अलगद टाका.

ओघळाला शंभर ग्रॅम पिठीसाखर आणि एक ते दीड मोठा चमचा दूध किंवा लिंबूरस. बिस्किट बाहेर काढून दहा मिनिटांनी घाला. कढत असताना घातला तर सगळा आत मुरतो आणि वरचा कुरकुरीतपणा जातो.

पुण्या-नाशकात करून बघणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. आपल्या मैद्यात प्रथिनं बहुतेक १० टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे वाईट नाही. कपभर मैद्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घातलं की तो मऊ गव्हाच्या जवळ जातो. गव्हाच्या कणकेची बिस्किटं करू नका. पौष्टिक होतील, पदर सुटणार नाहीत. लोणी अमूलचं बिनमिठाचं घ्या. नेहमीचं पिवळं असेल तर मीठ वगळा. घरच्या लोण्यात पाणी बरंच आणि कमी-जास्त असतं, त्याची भाकरीवर चव घ्यावी, इथे नको.

बटरमिल्क म्हणजे ताक, हे भाषांतर मात्र फसवतं. जुन्या काळी दक्षिणेतलं बटरमिल्क खरोखर आपल्यासारखं लोणी काढून उरलेलं ताक होतं. आज दुकानात मिळतं ते विरजण लावून दाट केलेलं दूध असतं, बिनसाखरेच्या लस्सीसारखं. आपलं पातळ ताक घातलंत तर पीठ सैल होतं आणि आंबटपणाही पुरत नाही. १५० मिलि घट्ट, आंबट दही ५० मिलि थंड दुधात फेटा, झालं. गोड ताज्या दह्यापेक्षा कालचं बरं.

फळ म्हणून महाबळेश्वर-पाचगणीकडची तुती हंगामात मिळाली तर ती घेऊन बघा, देठ काढून गोठवून. ब्लूबेरीहून रस जास्त, म्हणून शंभर ग्रॅमच. आंबा मात्र नको, निदान हापूस तरी. पिकलेल्या हापूसचा ओव्हनमध्ये जॅम होतो आणि बिस्किटाचा शिरा. तो शेजारी कापून ठेवा.

छोट्या ओटीजी ओव्हनमध्ये तापमानाच्या बटणावर लिहिलेलं आणि आतलं तापमान यांत बराच फरक असू शकतो. एक साधा ओव्हनचा तापमापक आणून आत लटकवा. वीस मिनिटं तापवा, दोन्ही कॉइल चालू, पंखा असेल तर बंद, आणि एका वेळी चारच बिस्किटं. मायक्रोवेव्हच्या नुसत्या मोडवर हे होत नाही, कन्व्हेक्शन हवं. एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर पहाटे करा, आणि परात, पीठ, काटा सगळं आधी फ्रिजमध्ये ठेवा. मी जुलैत पीठसुद्धा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते.

शेवटी तुमचा तो छोटा प्रश्न, की सकाळी शाळेच्या घाईत हे कसं जमवायचं. भाजून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी पदर मऊ पडतात आणि फळाभोवतीचा भाग पाणथळ होतो. कापलेली कच्ची बिस्किटं ताटलीवर गोठवा, कडक झाली की पिशवीत भरा, महिनाभर चांगली राहतात. सकाळी वितळू न देता सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये, चार-पाच मिनिटं जास्त. आम्हीही हॉटेलात शुक्रवारी रात्री तेच करायचो. भाजलेली उरलीच तर डब्यात झाकू नका, फडक्याखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी १६० सेल्सिअसला सात-आठ मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये केलीत तर ती चिवट होतील, आणि मग मुलगा पुन्हा ड्राइव्ह-थ्रूचं नाव काढेल.